कांजिण्या आणि कन्फर्म तिकीट

यंदाही गणपतीच्या तिकिटांची गडबड सुरू झाली की मला २०२३ चे वर्ष आठवते. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि आम्ही शनिवारी, १६ तारखेला, रात्रीच्या कोकणकन्येने ठाण्याहून कुडाळला निघणार होतो. तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे. त्यामुळे १९ मे रोजी सकाळी आठच्या आधीपासून नवरा लॅपटॉपवर आणि मी फोनवर बसलो होतो. तीन बर्थ कन्फर्म मिळाले तेव्हा घरात परीक्षेचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला होता. ज्यांचे गाव कोकणात आहे त्यांना हा आनंद समजावून सांगण्याची गरज नाही.

बुधवारी, १३ तारखेला, संध्याकाळी मुलाला आंघोळ घालताना त्याच्या पोटावर चार-पाच लाल ठिपके दिसले. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. डास चावले असतील असे मी म्हटले, आणि ते स्वतःला पटावे म्हणून जरा मोठ्यानेच म्हटले. रात्री त्याला ताप भरला. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिले तर कानामागे आणि केसांत नवे ठिपके होते आणि पोटावरच्या एका ठिपक्यावर पाण्याच्या थेंबासारखा टपोरा, पातळ फोड आला होता. मी चौथीत असताना मला कांजिण्या झाल्या होत्या आणि आजीने अंथरुणाभोवती कडुलिंबाचा पाला ठेवला होता. तो फोड ओळखायला मला डॉक्टरांची गरज नव्हती.

इथे एक गोष्ट कबूल करते, कारण ही पोस्ट त्याच गोष्टीविषयी आहे. त्या रात्री माझ्या मनात पहिला विचार मुलाचा आला नाही. शनिवारपर्यंत किती फोड सुकतील, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला तर कोणाला दिसेल का, डब्यात वरच्या बर्थवर झोपवले तर चालेल का, असा हिशेब मी पहाटेपर्यंत करत होते. मी शिकलेली बाई आहे, लोकांनी आजार लपवू नयेत असे इतरांना सांगणारी आहे, आणि तरीही ठरलेल्या बेताचे वजन एवढे असते की आपण आपल्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवायला तयार होतो.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी हा हिशेब दोन मिनिटांत मोडून काढला. पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल संसर्ग पसरवू लागते आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत पसरवत राहते. नवे फोड तीन-चार दिवस टप्प्याटप्प्याने येत असल्यामुळे एकाच अंगावर ठिपका, फोड आणि खपली हे सगळे एकाच वेळी दिसते, म्हणून पोटावरचे सुकले याला काही अर्थ नसतो. साधारण आठवडा धरा, असे ते म्हणाले. तापाला वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल, खाजेला कॅलामाइन आणि नखे आजच कापा, एवढेच उपचार. ॲस्पिरिन मात्र चुकूनही नको, कारण कांजिण्यांमध्ये मुलांना ते दिल्यास यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. मुलाचा लसीचा पहिला डोस झाला होता, दुसरा लॉकडाऊनच्या गोंधळात राहून गेला होता. सरकारी मोफत लसीकरणात ही लस नसल्यामुळे कोणी आठवणही करून देत नाही, पण हे मी सबब म्हणून सांगत नाही, ती चूक आमचीच होती. चार वर्षांच्या मुलीला त्यांनी त्याच दिवशी दुसरा डोस दिला, कारण संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत दिलेली लस आजार टाळू शकते किंवा निदान सौम्य करू शकते.

मग त्यांनी विचारले, गावच्या घरी कोण कोण आहे. सासूबाई, सासरे, दीर आणि धाकटी जाऊ. जावेला तेव्हा सातवा महिना होता आणि तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या की नाही हे तिच्या आईलाही नक्की आठवत नव्हते. मोठ्या माणसाला कांजिण्या मुलांपेक्षा जास्त त्रासदायक होतात आणि गरोदर बाईला त्यातून न्यूमोनियाचा धोका असतो. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातला पूर्ण बाह्यांचा शर्ट गळून पडला.

गुरुवारी रात्री आम्ही माझे आणि मुलाचे तिकीट रद्द केले. मुलगी पाचच्या आतली असल्याने तिचे तिकीटच नव्हते, आणि नवऱ्याला लहानपणी होऊन गेल्या असल्यामुळे त्याने एकट्याने जायचे ठरले. गाडी सुटायला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक अवधी असल्याने तेव्हाच्या नियमाने थर्ड एसीच्या प्रत्येक तिकिटामागे १८० रुपये आणि कर एवढीच कपात झाली. म्हणजे आई-मुलाच्या प्रामाणिकपणाची किंमत चारशे रुपयांच्याही आत होती. आम्ही गेलो असतो तर बेकायदा ठरलो असतो, हेही नंतर कळले. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे ५६ वे कलम संसर्गजन्य आजाराच्या रुग्णाला परवानगीशिवाय गाडीत चढण्यास मनाई करते आणि तसे कोणी चढल्यास तिकीट जप्त करून त्याला उतरवता येते. हे कलम आजवर मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

पैसा हा प्रश्न नव्हताच. प्रश्न फोन करण्याचा होता. आमच्याकडे बेत मोडणाऱ्या माणसाकडे आजार आणणाऱ्यापेक्षा जास्त रागाने पाहिले जाते. एका नातेवाइकांनी ‘आमच्या वेळी कांजिण्यांचा एवढा बाऊ नव्हता’ असे ऐकवले, दुसऱ्यांनी ‘निदान गौरींना तरी या, २१ तारखेपर्यंत खपल्या पडतील’ असा मध्यममार्ग काढला. मुलाच्या खपल्यांपुरते ते बरोबरही होते, पण संपर्कात आलेल्या मुलीला एकवीस दिवसांपर्यंत केव्हाही कांजिण्या उठू शकतात, हे सांगताना मीच हट्टी ठरले. ज्यांना मी सर्वांत घाबरत होते त्या सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘झिलाक सांभाळ, गणपती पुढच्या वर्साक येतलोच.’ सातवीपर्यंत शिकलेल्या बाईंचे हे एक वाक्य सोडले तर त्या चार दिवसांत शहाणपणाचे असे मी फार काही ऐकले नाही.

चतुर्थीला मुलाने अंगभर गुलाबी कॅलामाइन लावून व्हिडिओ कॉलवर आरती म्हटली. टाळ वाजवायला मिळाला नाही म्हणून तो रडला आणि रडताना नाकावरची खपली खाजवली. तो लहानसा खड्डा अजून दिसतो.

हा संसर्ग आला कुठून, तर ३० ऑगस्टच्या राखीपौर्णिमेतून. ज्या घरी आम्ही राखीसाठी जमलो होतो त्या घरातल्या मुलाच्या मानेवर पुरळ होते आणि घामोळे आहे असे आम्हाला सांगितले गेले होते. बरोबर चौदा दिवसांनी आमच्याकडे ठिपके उठले. मी फोन केला तेव्हा समोरून उत्तर आले, ‘अगं, शंका मलाही आली होती, पण सगळे जमणार होते ना!’ मला राग आला, पण फार वेळ टिकवता आला नाही. तो शर्ट माझ्याही कपाटात होताच.

मुलीच्या अंगावर दहा-बारा ठिपके उठले ते २८ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या सकाळी. लसीमुळे ताप जेमतेम आला. मात्र चार वर्षांच्या मुलीला एकवीस दिवस घरात ठेवणे मला जमले नव्हते. पंधरवडा होत आला तशी मी ढिली पडले आणि आदल्या संध्याकाळी तिला आमच्याच इमारतीत दोन घरी आरतीला नेले होते. आता फोन करण्याची पाळी माझी होती. पहिल्या घरी फक्त वयस्कर जोडपे होते, दोघांनाही होऊन गेल्या होत्या. दुसऱ्या घरात पाच वर्षांचा मुलगा होता आणि शनिवार ते सोमवार, २ ऑक्टोबरपर्यंत, त्यांचे महाबळेश्वरचे बुकिंग होते. त्याची आई काही क्षण गप्प राहिली. मग तिने विचारले, ‘म्हणजे आम्ही जायचे नाही का?’ मी डॉक्टरांना विचारून तिला पुन्हा फोन केला. संपर्क कालचाच असल्यामुळे पहिल्या आठवड्यात तो मुलगा कोणाला आजार देणार नव्हता. जाऊन या, पण आजच त्याची लसीची फाइल काढून डॉक्टरांना दाखवा, आणि परत आल्यावर, संपर्काच्या आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत, त्याला रोज आंघोळीच्या वेळी नीट बघा, असे मी सांगितले.

ते महाबळेश्वरला जाऊन आले. मंगळवारी तिने स्ट्रॉबेरीच्या जॅमची बाटली आमच्या दाराबाहेर ठेवली आणि बेल न वाजवता गेली.