भाताच्या लावणीला माणसं नाहीत, मग आमच्या आया का वाकल्यात?

यंदा आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या शेतात भाताची रोप लावण अडली. पाऊस चांगला होता, चिखल झाला होता, तरवा उपटून पेंढ्या बांधावर ठेवलेल्या. ठरलेली बायकांची टोळी आलीच नाही. पलीकडच्या गावानं रोज वाढवून दिला आणि टेम्पो तिकडं वळला. शेवटी आई उतरली. वय 68, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. तिच्या ओळीत शेजारची आत्ती, दोघी आक्का. साठीच्या आतली एकच. दर थोड्या वेळानं आई कमरेवर हात ठेवून उभी राहायची, परत वाकायची.

"रेशनचा तांदूळ मिळतोय, म्हणून लोक आळशी झालेत," हे कट्ट्यावर रोज ऐकतो. मला याचा राग येतो. आमच्या गल्लीतली पोरं बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीच्या धगीत उभी राहतात, चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला जातात. आळशी कोण? आणि मुळात पोरंच कमी झालीत. आजीला सात, आईला तीन, मला एक. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात बाईमागे सरासरी 1.7 मुलं निघाली. लोकसंख्या टिकायला 2.1 लागतात.

जपानात 65 च्या पुढचे जवळपास 29 टक्के आहेत. त्यांनी 2019 पासून शेतीला, म्हाताऱ्यांच्या सेवेला बाहेरची माणसं आणायला वेगळा व्हिसा काढला. आमच्या खाचरात बाहेरनं कोण येणार? ती जागा म्हाताऱ्या बायकाच भरून काढतात, म्हणून कुणाला टंचाई दिसत नाही.

कर्नाटक सरकारची म्हाताऱ्यांसाठीची संध्या सुरक्षा पेन्शन महिना 1,200 रुपये. आमच्याकडच्या लावणीच्या रोजानं ते तीन दिवसांचे पैसे. एवढ्यावर कुठली बाई घरी बसेल? त्यात अर्ज कन्नडात, आई मराठी तिसरी शिकलेली. हेलपाटे घालूनच तिची चप्पल झिजली. पेन्शन आधी पोटापुरती करा, कागद आमच्या भाषेत द्या.

यंत्राचंही तसंच. कृषी यंत्रधारे केंद्रात अवजारं भाड्यानं मिळतात, पण मोठं यंत्र आमच्या पायरीपायरीच्या खाचरात वळतच नाही. मागं चालत ढकलायचं छोटं लावणी यंत्र हवं, त्याला लागणारी ट्रेमधली रोपं बचत गटांनी तयार करावीत आणि यंत्र चालवायचं शिक्षण गावातल्या सुनांना मिळावं. तो रोजगार त्यांचा होईल.

आई म्हणते, पुढच्या साली खालची दोन खाचरं पड टाकूया. जांबोटी, कणकुंबी, नंदगडकडं कुणी असं छोटं यंत्र वापरलं असेल तर कृपा करून कळवा. किती गुंठ्यांच्या खाचरात वळतं, तेवढं तरी सांगा.