बँड मोडायचाय? आधी अल्बम काढा!

बँड मोडायचं ठरलंय ना? मग घाई नको, आधी एक अल्बम काढा. नुसतं भांडून वेगळं व्हायला गल्लीतली मंडळंही समर्थ असतात. बीटल्स या चौघांच्या इंग्लिश बँडने तर ‘लेट इट बी’ हा अल्बम करताना आपल्या भांडणासाठी कॅमेरे बोलावले होते.

जागा थंड बघावी. लंडनजवळचा ट्विकनहॅमचा फिल्म स्टुडिओ घ्या, तारीख २ जानेवारी १९६९. रात्री जागणाऱ्या मंडळींना सकाळी तालमीला बोलवा, कारण चित्रीकरणवाल्यांना ते सोयीचं पडतं. मग पॉल मॅकार्टनीने जॉर्ज हॅरिसनला गिटार कशी वाजवावी हे समजावून सांगावं, कॅमेऱ्यासमोरच. जॉर्ज १० तारखेला जेवणाच्या वेळी उठून निघून गेला. अशा वेळी समजूत काढायला धावू नये. परत नाही आला तर गिटारवादक एरिक क्लॅप्टनला घेऊ, असं बँडमधलाच जॉन लेनन म्हणाला. मित्राची किंमत अशी वेळीच सांगून टाकावी.

तो परत येतोच. तोवर तळघरात नवा स्टुडिओ बांधायला एखादा जादूगार नेमा. बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल कंपनीतल्या मॅजिक ॲलेक्सने बहात्तर ट्रॅकची स्वप्नं दाखवली होती. शेवटी रेकॉर्डिंगची यंत्रं ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडून उसनी आणावी लागली.

एक खबरदारी मात्र घ्या: बाहेरचा भला माणूस आत येऊ देऊ नका. बिली प्रेस्टन कीबोर्डवर बसला आणि चौघे एकदम शहाण्यासारखे वागू लागले. ३० जानेवारीला तर लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या ॲपलच्या कचेरीच्या गच्चीवर त्यांनी असं काही वाजवलं की बँड टिकतो की काय, अशी भीती वाटावी. नशिबाने पोलीस आले आणि बेचाळीस मिनिटांत आवरलं.

मग टेप पडू द्या. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सकडून अल्बम दोनदा जुळवून घ्या आणि दोन्ही वेळा नाकारा. दरम्यान ‘ॲबी रोड’ नावाचा चांगला अल्बम करून आधीच बाजारात आणा, म्हणजे शेवटचा कोणता यावर पुढच्या पिढ्या भांडत राहतील.

‘लेट इट बी’चा मूळ संकल्प होता साधं, थेट वादन, कलाकुसर अजिबात नाही. म्हणून १ एप्रिल १९७० रोजी निर्माता फिल स्पेक्टरने त्यावर वाद्यवृंद आणि बायकांचा कोरस चढवला. दिवसही काय निवडला! ज्याचं गाणं, त्याला विचारायचं नाही, हे ओघानेच आलं. पॉल खवळला. त्याने बदल सुचवले, कुणी ऐकलं नाही. मे महिन्यात रेकॉर्ड दुकानात आली, तोवर त्याने बँड सोडल्याचं जगजाहीर झालं होतं.

कोर्टाची पायरी चढायला ३१ डिसेंबर हा दिवस बरा. नव्या वर्षाच्या शुभेच्छा वेगळ्या पाठवाव्या लागत नाहीत. पॉलने त्याच दिवशी तिघा मित्रांवर दावा ठोकला. पुढच्या एप्रिलमध्ये, त्या चित्रीकरणातून झालेल्या चित्रपटासाठी, याच संगीताला ऑस्कर मिळालं. घ्यायला चौघांपैकी कुणी गेलं नाही, संगीतकार क्विन्सी जोन्सने घेतलं. तुमच्याकडेही असा एखादा ओळखीचा माणूस आधीच सांगून ठेवा.