चिमूटभर फ्लेक्स

मासे पाळायचं ठरवलं तेव्हा डोक्यात एकच हिशोब होता, फिरायला न्यायची भानगड नाही, भुंकणं नाही, केस गळणं नाही, डबी उघडायची, चिमूटभर फ्लेक्स (माशांच्या खाण्याचे पातळ पापुद्रे) टाकायचे आणि सोफ्यावर पडून बघत बसायचं. आता मी स्वतः उभ्याउभ्या हाताला लागेल ते खातो आणि माशांच्या डबीचं लेबल मोबाईलचा टॉर्च मारून वाचतो.

पहिली डबी घेतली ती चक्क झाकणावरचा फोटो बघून. काय लालभडक मासा होता! घरी येऊन मागचं बारीक अक्षर वाचलं तर पहिलाच घटक गव्हाचं पीठ, आणि फिशमील, म्हणजे वाळवलेल्या माशांची पूड, बिचारं पार खाली, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं अंग चोरून बसलेलं. जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहितात हे ज्ञान तेव्हा झालं, पैसे देऊन झाल्यावर.

दुसऱ्यांदा शहाणपणा केला. फिशमील पहिलं, प्रोटीन 45 टक्के, सगळं तपासलं, आणि मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून थेट अर्ध्या किलोचं उचललं. पाकीट फोडलं की हवेने आणि दमटपणाने त्यातली व्हिटॅमिन्स, विशेषतः सी, उतरायला लागतात, तेल खवट होतं, म्हणून काही महिन्यांत संपेल एवढंच घ्यायचं असतं. माझं अर्धा किलो या माशांच्या पतवंडांना पुरलं असतं. शिवाय ते मी ठेवलं होतं कुठे, तर टँकच्या झाकणावर, खाली पाणी आणि वर लाइटची ऊब. महिन्याभरात आत फ्लेक्स नाही, वडी होती.

बरं, खाणारे तरी एका वळणाचे असावेत? मोली वरच्यावर झडप घालतात आणि त्यांना स्पिरुलिना (एक निळं-हिरवं शेवाळ) वगैरे हिरवंही लागतं. निऑन टेट्राचं तोंड एवढंसं, त्याला अख्खा फ्लेक म्हणजे आपल्याला सतरंजी. आणि कॉरी तळाला मिशा फिरवत बसलेत, वर पंगत उठली तरी यांना पत्ता नाही. म्हणून रोज सकाळी माझा कार्यक्रम असा, थोडे फ्लेक्स तळहातावर घेऊन अंगठ्याने चुरायचे (यातले निम्मे नाकात जातात, वासाबद्दल बोलत नाही), थोडे तसेच ठेवायचे, आणि थोडे टँकच्याच पाण्यात वाटीत भिजवून ड्रॉपरने कॉरींच्या पुढ्यात सोडायचे, तेही फिल्टर बंद करून, नाहीतर सगळ्यात आधी फिल्टर जेवतो. आणि हो, बोटं कोरडी पाहिजेत, ओली बोटं डबीत घातली की पुन्हा वडी.

एवढं करून एक दिवस पाणी दुधाळ झालं. चौकशी केली तर मी सकाळी घालतो, बायको ऑफिसला निघताना घालते, मुलगा शाळेतून आला की घालतो, आणि आई जेव्हा जेव्हा टँकसमोरून जाते तेव्हा घालते. दोन मिनिटांत संपेल तेवढंच टाकायचं, उरलेलं सडून अमोनिया होतो आणि मासे त्यातच श्वास घेतात, हे मी सगळ्यांना बसवून सांगितलं. आई म्हणाली, "अरे पण तोंड वासून बघतात रे बिचारे." आई, ते माणूस दिसला की तसंच बघतात, जेवण होऊन पाच मिनिटं झाली असली तरी. तीस टक्के पाणी बदललं, काचेवर चिठ्ठी लावली, "आमचं जेवण झालंय", आणि आठवड्यातून एक दिवस उपास ठरवला, धडधाकट मोठ्या माशांना त्याने काही होत नाही.

आज तो उपासाचा दिवस. सगळ्या मोली काचेला तोंड लावून माझ्याकडे बघतायत. त्यांच्यासमोर खायची लाज वाटली म्हणून बिस्किटाचा पुडा घेऊन मी आत गेलो, चहा करून परत आलो तर टँकपाशी आई उभी, हातात डबी, आणि बोटं ओली.