बघून सांगा हं!

माहितीपट करायला मला साडेतीन वर्षं लागली, ट्रेलर कापायला अडीच महिने, आणि ट्रेलरखालच्या दोन ओळी लिहिण्यात एक अख्खा शनिवार गेला. ‘मिरजेच्या तानपुऱ्यांवरच्या माझ्या माहितीपटाचा ट्रेलर. फक्त दोन मिनिटं पाच सेकंद. बघा आणि मोकळेपणानं सांगा.’ यातलं ‘मोकळेपणानं’ मी चारदा खोडलं आणि पाचदा घातलं.

सकाळी नऊला घरच्या ग्रुपवर लिंक टाकली. नऊ वाजून एक मिनिटानं मामांचा अंगठा आला. दोन मिनिटांचं काम एका मिनिटात उरकणारे मामा रिटायर होईपर्यंत ऑडिटला होते, एवढंच सांगते. मग ‘खूप छान’, ‘अभिनंदन’, दोन नमस्कार, एक गुलाब. कुणीतरी नुसतंच ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहिलं आणि घात झाला. पुढच्या सहा जणांनी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. माझा वाढदिवस डिसेंबरात असतो. सासूबाई शेजारच्याच खोलीत होत्या. त्यांनीही दिल्या.

ट्रेलर सुरू होतो तो भोपळ्यांवर. तानपुऱ्याचा खालचा गोल तुंबा म्हणजे भला थोरला कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो, वाळला की मिरजेला येतो. कारागिराच्या माळ्यावर आढ्याला टांगलेले भोपळे आणि कौलातून त्यांच्यावर पडणारा उन्हाचा एकच कवडसा, एवढ्यासाठी मी आणि कॅमेरावाला तीन दिवस पहाटे पाचपासून तिथे उकिडवे बसलो होतो. मावशीनं विचारलं, “याचे घारगे होतात का गं?”

“मावशी, हा कडू असतो. खात नाहीत.”

“मग गूळ जरा चढा घालायचा.”

तिथून पुढे पाऊण तास ग्रुपवर घारगे चालले. भोपळा किसून घ्यावा की उकडून, यावर दोन तट पडले. जी काकू गेल्या दिवाळीपासून ग्रुपवर बोलत नव्हती ती बोलली. माझ्या कलाकृतीवर झालेली सर्वांत सखोल चर्चा ती हीच.

दुपारी आईचा फोन. “छान झालंय गं. पण मागे मिक्सर कोणी लावला होता?”

तो खर्ज होता, तानपुऱ्याचा सगळ्यांत खालचा सूर. तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंज, जुळवतात. दोरा केसभर चुकला तरी तार मुकी वाटते, नेमका बसला की एकाच तारेतून चार-पाच सूर उमलायला लागतात. ते टिपायचं म्हणून आमच्या ध्वनिमुद्रकानं पंखे बंद करवले, फ्रिजची पिन काढली आणि गल्लीतल्या दोन कुत्र्यांना बिस्किटं घालत कोपऱ्यापलीकडे नेऊन बसवलं. पण मोबाईलच्या बोटभर स्पीकरला खर्ज पेलत नाही, उरते ती घरघर. आईला म्हटलं, हेडफोन लावून ऐक. “डॉक्टरांनी नको सांगितलंय, नुकताच मोतीबिंदू काढलाय ना.” यावर मी गप्प बसले.

चुलतभावानं उत्तर म्हणून तानपुऱ्याच्या अ‍ॅपची लिंक पाठवली. ‘हे फुकट आहे, पट्टीसुद्धा बदलता येते. कशाला एवढा खटाटोप?’ साडेतीन वर्षं मी माहितीपटासाठी खलनायक शोधत होते. तो घरातच निघाला.

काकांचा प्रश्न मात्र सणसणीत होता. ‘मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय ना? मग आता राहिलं काय?’ मी हरखले. चाळीस ओळी लिहिल्या. हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात या वाद्यांकडे कसे वळले, सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांची पोरं आता दुकानात बसायला का तयार नसतात, मानांकनाच्या कागदानं भोपळा का स्वस्त होत नाही, सगळं. काकांनी अंगठा दिला.

सिनेमावाल्या मित्रांकडून दोनच शब्द आले, ‘पेसिंग बघ’. कसं बघू ते कळवलं नाही.

शेवटी पाच प्रश्नांचा गूगल फॉर्म केला. सात उत्तरं आली. त्यातली तीन माझीच, फॉर्म चालतो का ते पाहायला भरलेली. एकानं ‘तुम्हाला काय खटकले?’ या प्रश्नाला ‘होय’ असं उत्तर दिलं होतं.

रात्री यूट्यूबचा आलेख उघडला. हा आलेख माणसानं एकट्यानं बघू नये. प्रेक्षक कोणत्या सेकंदाला उठून गेला ते तो दाखवतो. माझी रेघ अकराव्या सेकंदापर्यंत ताठ होती, म्हणजे भोपळे संपेपर्यंत. मग थेट कडेलोट. पुढे शेवटपर्यंत गेलेली केसाएवढी रेघ होती, ती मीच असणार असं धरून मी फोन पालथा घातला.

तेवढ्यात तो वाजला. मिरजेहून चाचा. ज्यांचे हात त्या ट्रेलरभर दिसतात ते.

“ताई, बघितलं की ओ. चार येळा बघितलं. नातवानं लावून दिलं.”

माझ्या घशात आवंढा आला. चार वेळा! “कसं वाटलं, चाचा?”

“झ्याक झालंय. पर एक सांगू का? राग न्हाई न्हवं यायचा?”

“मोकळेपणानं सांगा.”

“एक मिंटं चाळीस सेकंदाला जोडीतली दुसरी तार उतरलीया. इवलीशीच. पर उतरलीया.”

मी लावून ऐकलं. हेडफोन लावून ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. उतरली होती.

“आता काय करायचं, चाचा? तसंच रेकॉर्ड झालंय, आणि ट्रेलर सगळीकडं गेलाय.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग दबक्या आवाजात, “कुणाच्या ध्यानात न्हाई न्हवं आलं?”

“नाही, चाचा. तिथवर आपण दोघंच पोचलोय.”