सूज गालाला, खापर अश्रुनलिकेवर

‘डोळा गळतोय आणि त्याच बाजूचा गाल सुजलाय, म्हणजे अश्रुनलिका तुंबली. पाणी साठून सूज येते. गाल वरून खाली चोळा, घरातले डोळ्याचे थेंब घाला, आठवड्यात नळी मोकळी.’ घोडे पाळणाऱ्यांत हा सल्ला हातोहात फिरतोय. (अश्रुनलिका म्हणजे डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी.)

पाणी साठून गाल सुजतो, हे आधी तपासू. तुंबलेल्या नळीतलं पाणी गालात उतरत नाही, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेर ओघळतं. फार तर कोपऱ्यापाशी थोडा फुगवटा येतो. बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते: सूज आधी, तुंबणं नंतर. वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाला की हाड फुगतं आणि शेजारची नळी चेपते. मागच्या दाढांची मुळं तर थेट सायनसमध्ये, म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळीत, असतात, तिथे बिघडलं की एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतो. म्हणून आधी तोंड उघडून दाढा बघायच्या, मग डोक्याचा एक्स-रे. (तीन-चार वर्षांच्या घोड्याला दोन्ही बाजूंना सारखे, टणक, न दुखणारे उंचवटे आले तर ते सहसा दात येण्याचे असतात. त्यांना छेडू नका.) आणि चोळण्याचं म्हणाल, तर नळीचा वरचा भाग हाडाच्या आतून जातो. चोळणार काय, कपाळ?

डोळा गळतो म्हणजे नळी बंदच, हेही खरं नाही. पशुवैद्य डोळ्यात फ्लुरेसीन रंग टाकून नाकपुडीत डोकावतात. तळाशी, काळी कातडी संपून गुलाबी अस्तर सुरू होतं तिथे, नळीचं बारीक छिद्र उघड्या डोळ्यांनी दिसतं. नळी मोकळी असेल तर साधारण ५ ते २० मिनिटांत तिथे हिरवट थेंब येतो. नाही आला, तर घोड्याला गुंगी देऊन त्याच छिद्रातून बारीक नळीने सलाइन वर सोडतात. ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर पडलं की वाट मोकळी.

तोच रंग बुबुळावरची जखमही दाखवतो, आणि घरातल्या थेंबांचा धोका इथेच आहे. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर डोळा जाऊ शकतो. घोडा डोळा मिटून धरत असेल तर आठवडा सोडा, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

काही शिंगरांना नाकपुडीतलं छिद्र जन्मतःच नसतं. डोळा शांत, उघडा, पण काही महिन्यांतच घट्ट पू वाहू लागतो. तिथे नळी खरंच बंद असते. पण ते छिद्र शस्त्रक्रियेने पाडावं लागतं.