हजार डेनिअर घेतलं की सॅक टिकली, असं नसतं

प्रस्तरारोहणाचं सामान वाहायला कुठली सॅक घ्यावी, यावर एक छोटा मजकूर बऱ्याच दिवसांपासून हातोहात फिरतोय. गोषवारा असा: डेनिअरचा आकडा बघा, तो जितका मोठा तितकी सॅक टिकाऊ, म्हणून हजाराच्या खाली उतरूच नका. कापड वॉटरप्रूफ हवं. सत्तर लिटरच्या आतली घेऊ नका. कप्पे आणि बाहेरचे पट्टे जितके जास्त तितकं बरं. आणि लाइफटाइम वॉरंटी असली की विषय संपला. नवख्यांना हे आवडणारच. दुकानात उभ्या उभ्या पाच गोष्टी तपासायच्या आणि मोकळं व्हायचं. अडचण एवढीच की सॅक जिथून निकामी होते, त्या जागेचा या यादीत उल्लेखही नाही.

आधी डेनिअर, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. बस्स. सूत कशाचं, वीण किती घट्ट, वर लेप कसला, यातलं काहीही हा आकडा सांगत नाही. ६०० डेनिअरचं पॉलिएस्टर शाळेच्या दप्तरांनाही सर्रास असतं. ४२० डेनिअरच्या चांगल्या नायलॉनशेजारी ते खडकावर घासून पाहिलं तर मोठ्या आकड्याचं कापड जिंकेलच याची खात्री नाही, कारण घर्षणाला नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा चिवट असतं. पॉलिएस्टरचीही एक बाजू आहे. ते उन्हाने सावकाश खराब होतं आणि पाणी कमी पितं. पण कातळावर सॅक मरते ती बहुधा घासून, उन्हाने नव्हे.

‘कॉर्ड्युरा म्हणजे हजार डेनिअर’ हाही असाच समज. कॉर्ड्युरा हे ब्रँडचं नाव. त्याखाली ३३०चं कापड येतं, ५००चं येतं आणि १०००चंही येतं. ड्युपॉन्टने हे नाव पहिल्यांदा वापरलं ते १९२९ मध्ये, रेयॉनच्या सुतासाठी. तेव्हा नायलॉन बाजारात यायचं होतं. त्यामुळे लेबलवर नुसतं नाव वाचून हुरळून जाऊ नये.

शिवाय गणित बघा. ५००चं सूत सोडून १०००चं घेतलं की सुताचं वजन दुप्पट होतं, पण सूत गोल असल्यामुळे त्याची जाडी जेमतेम १.४ पट भरते. फायदा होतो, नाही असं नाही, पण आकडा दुप्पट म्हणजे आयुष्य दुप्पट हा हिशेब कुठेच बसत नाही. आणि ते जादा वजन प्रत्येक चढणीला तुमच्याच पाठीवर असतं.

या मजकुराने आणखी एक घोळ घातलाय. झिजणं आणि फाटणं त्याने एकाच पारड्यात टाकलंय. कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळा या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: घासण्यासाठी मार्टिनडेल किंवा टेबर चाचणी, फाटण्यासाठी एल्मेंडॉर्फ. एकीत पहिलं येणारं कापड दुसरीत मागे पडू शकतं. रिपस्टॉप म्हणजे ठरावीक अंतरावर जाड सूत विणलेलं कापड. त्यातल्या जाड सुतांच्या चौकटी पडलेलं भोक वाढू देत नाहीत, पण भोक पडूच नये यासाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. डायनीमा या अतिबळकट प्लास्टिकचा धागा वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट, हे खरंच आहे. पण त्याच्या हलक्या लॅमिनेटमध्ये, म्हणजे थर चिकटवून केलेल्या कापडात, ते धागे पातळ फिल्मच्या दोन थरांत चिकटवलेले असतात, आणि खडक आधी फिल्म खरवडतो. लेपाचंही तेच. सिलिकॉनचा लेप असला तर ताण आल्यावर सुतं थोडी सरकतात, एकत्र येतात आणि भार वाटून घेतात. पॉलियुरेथेनचा लेप त्यांना जागीच जखडतो, म्हणून तेच कापड लवकर फाटतं. हे सगळं एका आकड्यात कुठून मावणार?

आता कापड झिजतं कुठे ते पाहू. वापरलेली कुठलीही क्लायंबिंगची सॅक घ्या आणि तळाच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवा. पाठीचं कापड अजून नव्यासारखं, बाजूही ठीक, आणि कोपऱ्यावर मात्र लव आलेली, तिच्यामधून आतला पांढुरका लेप दिसतोय. का? कारण तिथे कापड दोन कठीण वस्तूंच्या कात्रीत सापडतं. बाहेरून खडक, आतून कॅमचा (खडकाच्या भेगेत अडकवायच्या स्प्रिंगच्या अवजाराचा) दांडा, नट टूलचं (भेगेत अडकवलेले धातूचे नट काढायच्या सळईचं) टोक किंवा कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) कोना. सॅक खाली टेकवली, चिमणीतून, म्हणजे अंग घुसेल एवढ्या खडकाच्या फटीतून, ओढली, घसाऱ्यावरून सरकवली की दर वेळी त्याच पैशाएवढ्या जागेवर सगळा दाब येतो. आतून काही टोचत नसेल तर ५०० डेनिअरचं कापडही बराच काळ काढतं. टोचत असेल तर हजाराचं सुद्धा जातं, थोडं उशिरा. म्हणून दुहेरी तळ असलेली सॅक बघावी, आणि भरताना दोर तळाशी नि बाहेरच्या अंगाला, लोखंड-ॲल्युमिनियम मधोमध आणि पाठीलगत ठेवावं. हे करायला पैसे लागत नाहीत, बहुधा म्हणूनच ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

ज्या जागेचा उल्लेख नाही म्हटलं, ती म्हणजे शिवण. दुकानात सॅक बाहेरून न्याहाळण्यापेक्षा आतून उलटी करा. दुकानदार बघेल विचित्र नजरेने, बघू दे. शिवणीपलीकडे कापडाची कड किती सोडली आहे ते पाहा. दोन-तीन मिलिमीटरच असेल आणि कडेची सुतं आत्ताच सुटायला लागली असतील, तर कापड कितीही डेनिअरचं असो, भार आल्यावर ते शिवणीतून निसटेल. कड रुंद असेल आणि तिच्यावर पट्टी गुंडाळून शिवली असेल तर बनवणाऱ्याने विचार केलाय. मग खांद्याच्या पट्ट्यांची मुळं तपासा. पट्टा नुसता शिवणीत खुपसलाय, की त्याच्यामागे कापडाचा जादा तुकडा लावून भार पसरवलाय? ज्या ठिकाणी ओढ बसते तिथे बार टॅक हवा, म्हणजे एकाच जागी दाट, पुढेमागे मारलेल्या टाक्यांची छोटी पट्टी. रुंद पट्ट्यांवर चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण दिसली तर उत्तम. ‘डबल स्टिचिंग’ हा शब्द ऐकून मात्र खूश होऊ नका. टाके गरजेपेक्षा दाट पडले तर टपाल तिकिटांच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि कापड नेमकं तिथेच उसवतं. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा हवा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो.

शिवणीनंतर नंबर लागतो चेनचा. माती आणि हाताला लावायच्या खडूची पूड रनरमध्ये, म्हणजे चेनच्या सरकत्या खिट्टीत, जाते, रनर सैल होतो, दात जुळेनासे होतात. चेनवरचा ५, ८, १० हा आकडा साधारण बंद दातांच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. मुख्य तोंडाला ८ किंवा १० असावा. पुढून पूर्ण उघडणारी सॅक कातळाच्या पायथ्याशी फार सोयीची, सगळं सामान एका नजरेत दिसतं, ते मला मान्य आहे. पण चेनच्या आडवे आवळायचे पट्टे तिला हवेतच, नाहीतर भरलेल्या सॅकचा सगळा ताण दातांवर येतो. ज्यांना दगदग नको त्यांनी वरून नाडीने आवळायची किंवा गुंडाळून बंद करायची सॅक घ्यावी. जी चेन नाहीच, ती बिघडणार कशी?

वॉटरप्रूफचा मुद्दा. कापड पाणी अडवत असेल, पण त्याला सुईने पाडलेली हजारो भोकं असतात. त्यांच्यावर आतून टेप चिकटवली नसेल किंवा जोड वेल्ड केलेले नसतील तर पाऊस शिवणीतून आत येतोच. खरंच पाणी अडवणारी सॅक असली तरी ती दोन्ही बाजूंनी अडवते. ओला दोर आत कोंडून ठेवला की कुबट वास येतो आणि कॅमच्या स्प्रिंगांना गंज चढतो. पॉलियुरेथेनच्या लेपाला तर दमटपणाच मारतो: तो आधी चिकट होतो, मग पापुद्रे धरतो, आणि त्याचा तो आंबूस वास एकदा घेतला की विसरत नाही. कोरडे राहायला हवेत ते कपडे वेगळ्या ड्राय बॅगेत घाला आणि घरी आल्यावर सॅक रिकामी करून सावलीत उघडी टांगा. टिकाऊपणाला याचा उपयोग लेबलवरच्या शब्दापेक्षा जास्त.

सत्तर लिटर कशाला? बेरीज करून बघा. ७० मीटरचा ९.८ मिमीचा दोर सव्वाचार किलोच्या आसपास, बारा क्विकड्रॉ (पट्टीने जोडलेल्या दोन-दोन कॅराबिनरच्या जोड्या) सव्वा किलो, हार्नेस, बूट आणि हेल्मेट मिळून किलोभर किंवा थोडं वर, दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, वर खाणं, जाकीट आणि सटरफटर. दहा-अकरा किलो झाले. कॅम आणि नटांचा संच घेतला तर आणखी तीन-चार. दिवसभराचं एवढं सामान ४०-४५ लिटरमध्ये नीट बसतं. सत्तरच्या सॅकमध्ये ते तळाशी जमा होतं, चालताना हेलकावे खातं, सॅक पाठीपासून सुटून मागे लोंबते आणि त्या प्रत्येक हेलकाव्याची ओढ खांद्याच्या पट्ट्यांच्या मुळावर बसते. मुक्कामी चढाईला मोठी सॅक लागते हे खरं, पण ती गरज वेगळी.

कप्पे आणि बाहेरचे पट्टे यांच्याबद्दल फार लिहायची गरज नाही. मोठ्या, सरळसोट कड्यांवर दोराने ओढून न्यायच्या हॉल बॅगा पाहा. खडकावर दिवसच्या दिवस घासल्या जायला बनवलेली ही वस्तू दिसते कशी? लेप दिलेल्या जाड, गुळगुळीत कापडाचं साधं नळकांडं, बाहेर कप्पे नाहीत, खांद्याचे पट्टेसुद्धा आत दडवता येतात. बाहेर काही लोंबत नसलं की अडकायचा प्रश्नच येत नाही. (जाता जाता: साध्या सॅकचा वरचा लूप सॅक उचलायला असतो. त्यावर माणसाचा भार कधीही टाकायचा नाही.)

राहिली लाइफटाइम वॉरंटी. त्यातला ‘लाइफटाइम’ बहुतेक वेळा वस्तूचा असतो, घेणाऱ्याचा नव्हे, आणि हमी असते ती बनावटीतल्या दोषाची. वापरून झिजलेला कोपरा, गाडीच्या दारात चिरडलेलं बकल, वाळूने खाल्लेली चेन, हे सहसा त्यात बसत नाही. म्हणून मी विचारतो तो प्रश्न वेगळा: हे दुरुस्त होईल का? बकल न उसवता काढून बदलता येतं का, पट्टे २० किंवा २५ मिलिमीटरचे म्हणजे सहज मिळणाऱ्या मापाचे आहेत का, रनर बदलायला चेनचं टोक मोकळं करता येतं का, पाठीचा फोम बाहेर निघतो का. कोपऱ्यावर लव दिसायला लागली की लगेच, भोक पडायची वाट न बघता, आतून नायलॉनचा तुकडा लावून घ्यावा. जाड कापड शिवणारं मशीन असलेल्या कारागिराला त्यात फार वेळ लागत नाही. नेण्याआधी सॅक धुऊन वाळवा, नाहीतर कातळावरची सगळी वाळू त्याच्या मशीनमध्ये जाईल.