उडी मारण्याआधी दोर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

प्रथमोपचारावरच्या लेखातलं ‘आधी स्वतःची सुरक्षितता बघा’ हे वाक्य तुम्हाला झोंबलं. ‘हा शहरी भित्रेपणा आहे. आमच्याकडे माणूस विहिरीत पडला की लोक उडी मारतात,’ असं तुम्ही लिहिलंत. मारतात, खरंय. मला धास्ती त्याचीच वाटते.

नेवासा तालुक्यातलं वाकडी, एप्रिल २०२४. शेणाच्या स्लरीसाठी वापरात असलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, कारण उतरताना त्याच्या कमरेला दोर होता. त्या पाचांना भित्रं म्हणायची माझी छाती नाही.

कुजत्या शेणातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. मग दोन-चार श्वासांत माणूस कोसळू शकतो. जुनी माणसं विहिरीत कंदील सोडून बघायची. तो विझला तर उतरू नये, एवढंच त्यातून कळतं. जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असं नाही. आणि शेणाच्या खड्ड्यात तर मिथेन असतो, तिथे कंदील नेला तर भडकाच. वरून दोर सोडा. आतल्याला तो धरता येत नसेल, तर ११२ लावून श्वसनयंत्रवाल्या जवानांची वाट बघा. ही वाट बघणं सोपं आहे, असं मी म्हणणार नाही.

माझ्या मामाला मळ्यात मोटरच्या स्टार्टरचा शॉक बसला, तेव्हा मामी त्याला धरायला धावली. सालगड्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि पेटीतला मेन खाली पाडला. मामी त्याला शिव्या घालत होती. मामा वाचला, तळहातावर डाग राहिला.

राहिली पिशवी. हातमोजे नसतील तर हातात प्लास्टिकची पिशवी चढवून जखम दाबा, हे तुम्हाला विटाळ पाळल्यासारखं वाटलं. रक्तातून कावीळ ‘ब’ आणि ‘क’ पसरते, म्हणून ती पिशवी. दाबायचं मात्र घट्ट, आणि सारखं उचलून बघायचं नाही.

पाण्याबाबत तुमची तक्रार रास्त आहे. ‘पाजू नका’ म्हटलं, कारण दिलं नाही. अर्धवट शुद्धीत पाणी श्वासनलिकेत जातं. लेखात ते घालतो.

एक विचारू? तुमच्या विहिरीवर दोर कुठे टांगलेला असतो?